चिनी पारंपरिक उपचार आणि झाडीपट्टीतील वनौषधी : एक समीक्षा

सारांश : पारंपरिक चिनी वैद्यकाकडे आपल्याकडे एकतर श्रद्धेने पाहिले जाते किंवा तुच्छतेने. प्रस्तुत लेखात त्यातील प्रचलित उपचारांची समीक्षा केली असून, उपचाराचे मोल त्याच्या प्राचीनतेवर नव्हे, तर त्याची नोंद आणि पडताळणी कशी झाली यावर ठरते, असे प्रतिपादन केले आहे. हाच निकष स्थानिक वनौषधींवरील संशोधनलेखनालाही लावून पाहिला आहे.

बीजशब्द : ॲक्युपंक्चर, तुंबडी, मोक्सा, आर्टेमिसिनिन, हिवताप, वनौषधी.

प्रस्तावना

‘चिनी उपचार’ म्हटले की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे सुया येतात, किंवा तळहातावरचे बिंदू दाबणारी शिबिरे येतात. वडसा (देसाईगंज) परिसरही याला अपवाद नाही. मात्र गडचिरोली जिल्ह्याचा चिनी वैद्यकाशी असलेला सर्वांत निकटचा संबंध सुईचा नसून गोळीचा आहे. महाराष्ट्रात हिवतापाचा सर्वाधिक भार याच जिल्ह्याने वाहिला आहे. फाल्सिपेरम या घातक प्रकारच्या हिवतापावर राष्ट्रीय कार्यक्रमात २०१० पासून संयुक्त औषधोपचार स्वीकारण्यात आला. त्यातील आर्टेसुनेट हे औषध चिनी परंपरेतील एका वनस्पतीपासून सिद्ध झाले आहे. तीन दिवसांचा हा उपचार घेणाऱ्या रुग्णाला आपण चिनी औषध घेत आहोत, याची कल्पनाही नसते.

सुई, तुंबडी आणि मोक्सा

चिनी वैद्यकाचा पाया ‘ची’ ही जीवनशक्ती, यिन-यांग यांचा समतोल आणि शरीरातील ऊर्जावाहिन्या या कल्पनांवर आहे. या वाहिन्यांवरील ठरावीक बिंदूंवर सुया टोचणे म्हणजे ॲक्युपंक्चर. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ही विद्या आत्मसात करून ती भारतात रुजविली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पुरावा काय सांगतो? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना, बिंदू सोडून उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के रुग्णांना, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना आराम पडला. याचा अर्थ असा, की उपचाराने काही रुग्णांचे दुखणे कमी होते. परंतु बिंदूंच्या सिद्धान्ताला त्यातून फारसा आधार मिळत नाही. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणांतही खऱ्या व खोट्या सुयांमधील फरक दिसतो. पण तो लहान आहे.

तुंबडी लावणे आपल्याला परके नाही. सुश्रुताने रक्तमोक्षणासाठी शृंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा यांचे वर्णन केले आहे, आणि वैदूही तुंबडी लावत आले आहेत. मोक्सा उपचारात दवण्याच्याच प्रजातीतील एका वनस्पतीच्या पानांचा कापूस त्वचेजवळ जाळून ऊब देतात. या दोन्हींना समर्थ पुरावा थोडाच आहे. उष्णतेच्या उपचाराचे अघोरी रूप मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर दिल्या जाणाऱ्या चटक्यांत दिसते. ‘परंपरा’ हा शब्द अशा वेळी संरक्षक कवच होता कामा नये.

एका कृतीची नोंद

आर्टेमिसिनिनची कथा याहून वेगळी आहे. १९६७ साली चीनने हिवतापावरील औषधाच्या शोधाची ‘५२३’ ही गुप्त योजना सुरू केली. श्रीमती यूयू तू यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून दोन हजारांहून अधिक पाठ गोळा केले. छिंगहाव या वनस्पतीचे अर्क मात्र कधी गुणकारी ठरत, कधी निष्फळ. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने ती वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असे लिहून ठेवले होते. त्यात उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नाहीसा होत असावा, असा तर्क करून कमी तापमानात ईथरने अर्क काढण्यात आला. १९७१ साली तो प्राण्यांवरील चाचणीत पूर्णतः यशस्वी झाला, आणि २०१५ साली श्रीमती तू यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

येथे परंपरेने दिले ते ‘ची’चे तत्त्वज्ञान नव्हे, तर कृतीची अचूक नोंद. बाकीचे काम पडताळणीने केले.

नावाचा घोटाळा

नोंद सैल असली तर काय होते, याचे उदाहरण बेल्जियमचे आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे वजन घटविण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या शंभरांहून अधिक व्यक्तींची मूत्रपिंडे निकामी झाली. नामसाधर्म्यामुळे एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील विषारी वनस्पती वापरली गेली होती. याच प्रजातीतील सापसंद (ईश्वरी) आपल्याकडे सर्पदंशावरील औषध म्हणून नोंदविली जाते. तिच्यातही मूत्रपिंडास घातक ॲरिस्टोलोकिक आम्ल असते. ही बाब न सांगता तिचा ‘औषधी उपयोग’ छापणे धोक्याचे आहे. कारण सर्पदंशात मुळी उगाळण्यात गेलेला वेळ प्राणावर बेतू शकतो.

आपल्या याद्या

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनौषधींवर महाविद्यालयीन नियतकालिकांतून विपुल लेखन होते. त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो : स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयुक्त भाग, आणि शेवटी ‘ताप’ किंवा ‘पोटदुखी’ हा एकच शब्द. वनस्पती ओली की वाळलेली, भिजवली की उकळली, कोणत्या ऋतूत तोडली, मात्रा किती, कोणाला वर्ज्य, यांपैकी काहीही नोंदले जात नाही. गे होंगने केवळ ‘छिंगहाव : ताप’ एवढेच लिहिले असते, तर श्रीमती तू यांच्या हाती तो दुवा लागला नसता. वैदू व पुजारी यांना कृती ठाऊक असते. ती हरवते ती आपल्या तक्त्यात.

हे ज्ञान समाजाचे आहे, हेही विसरता येत नाही. वनहक्क कायद्याखाली मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. अशा जिल्ह्यात ग्रामसभेच्या संमतीशिवाय आणि श्रेयनिर्देशाशिवाय केलेले संकलन समर्थनीय ठरत नाही.

समारोप

चिनी उपचारांपासून घेण्याजोगा धडा सुया टोचण्याचा नाही. वनस्पतीची निश्चित ओळख, कृतीची तपशीलवार नोंद, तुलनेची कसोटी आणि अपायाची प्रामाणिक दखल या चार गोष्टी पाळल्या, तर झाडीपट्टीतील ज्ञानाचा खरा सन्मान होईल. तोपर्यंत ताप आलेल्या रुग्णाने रक्ततपासणी करून गोळ्यांची मात्रा पूर्ण करावी, हेच शास्त्रसंमत होय.