क्रीडासंस्थांची संकेतस्थळे आणि दिव्यांगांचा सहभाग : सिडनी निकालाच्या संदर्भात एक चिकित्सा

बीजसंज्ञा : क्रीडासंस्था, संकेतस्थळ, सुगमता, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, स्क्रीन रीडर

प्रस्तावना

क्रीडासंस्था म्हटली की मैदान, खेळाडू, प्रशिक्षक आणि प्रेक्षक यांचा विचार प्रथम मनात येतो. गेल्या पंचवीस वर्षांत या यादीत संकेतस्थळाची भर पडली आहे. सामन्यांचे वेळापत्रक, निकाल, तिकीटविक्री, सभासद नोंदणी, निवड चाचणीची सूचना आणि खेळाडूंचे प्रवेश अर्ज ही पूर्वी संस्थेच्या कचेरीत होणारी कामे आज मोठ्या प्रमाणावर संकेतस्थळावरून होतात. त्यामुळे संकेतस्थळ हे संस्थेचे केवळ जाहिरातपत्रक राहिलेले नसून ते तिचे प्रवेशद्वार झाले आहे. हे द्वार अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर किंवा हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या व्यक्तीला उघडता येत नसेल, तर मैदानावर उतरंडीचा मार्ग बांधूनही तिचा सहभाग अपुराच राहतो.

प्रस्तुत लेखात सिडनी ऑलिंपिकच्या संकेतस्थळासंबंधीचा २००० सालचा निकाल आणि अमेरिकेतील बेसबॉल क्लबांनी २०१० साली स्वीकारलेला करार यांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. क्रीडाविषयक माहिती ही ठरावीक काळापुरतीच उपयोगी असते. म्हणून या क्षेत्रात सुगमता मागाहून देऊन भागत नाही, असे या चिकित्सेचे मुख्य प्रतिपादन आहे.

सिडनी निकाल : आशय व मर्यादा

ब्रूस मॅग्वायर हे जन्मतः अंध असलेले ऑस्ट्रेलियन नागरिक ब्रेल पटलाच्या साहाय्याने संगणक वापरत. त्यांनी जून १९९९ मध्ये तेथील मानवी हक्क व समान संधी आयोगाकडे सिडनी ऑलिंपिक संयोजन समितीविरुद्ध तक्रार दाखल केली. तिकिटांची माहितीपुस्तिका ब्रेलमध्ये मिळत नाही, तसेच समितीचे संकेतस्थळ अंध व्यक्तीला वापरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तक्रारीला आधार होता तो त्या देशाच्या १९९२ सालच्या अपंगत्व भेदभावविरोधी कायद्याचा. विश्वव्यापी जाळ्याचे मानदंड ठरविणाऱ्या संघाने सुगमतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे मे १९९९ मध्ये प्रसिद्ध केली होती, म्हणजे तक्रारीच्या वेळी ती उपलब्ध होती.

समितीचा बचाव खर्च व वेळ या दोन मुद्द्यांवर उभा होता. निकालांच्या तक्त्यांसाठी १,२९५ साचे असून प्रत्येकास दोन तास लागतील, एका व्यक्तीने रोज आठ तास काम केले तरी एकूण कामास ३६८ दिवस लागतील आणि त्यासाठी वीस लाख डॉलरहून अधिक खर्च येईल, असे सांगण्यात आले. तक्रारदाराच्या बाजूने साक्ष देणाऱ्या तज्ज्ञांनी हे अंदाज खोडून काढले. साच्यांची प्रत्यक्ष संख्या पुष्कळ कमी आहे व एकेका साच्यास दोन तासांपेक्षा बराच कमी वेळ पुरेल, असे त्यांनी दाखविले. आयोगाने २४ ऑगस्ट २००० रोजी समितीचा ‘अवाजवी भार’ हा बचाव नाकारला आणि १५ सप्टेंबरपर्यंत तीन सुधारणा करण्याचा आदेश दिला. सर्व चित्रांना पर्यायी मजकूर द्यावा, वेळापत्रकाच्या पानावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीकडे जाता यावे आणि निकालांचे तक्ते वाचता यावेत, अशा त्या सुधारणा होत्या.

या निकालाचे महत्त्व निर्विवाद आहे. संकेतस्थळ ही कायद्याच्या अर्थाने सेवा आहे, ती देणाऱ्याला भेदभाव करता येणार नाही, आणि अंध व्यक्तीला दुसऱ्या कोणाकडून माहिती वाचून घेता येते हे समान वागणुकीचे उत्तर होऊ शकत नाही, ही तत्त्वे त्यातून प्रस्थापित झाली. तथापि निकालाची फलश्रुती तपासली असता एक गंभीर उणीव समोर येते. आदेशात दिलेली मुदत हाच स्पर्धांच्या उद्घाटनाचा दिवस होता. समितीने आदेशाचे पालन केवळ अंशतः केले. १ ऑक्टोबर रोजी स्पर्धा संपल्या, आणि नोव्हेंबरमध्ये आयोगाने वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मंजूर केली. तक्रारदाराला भरपाई मिळाली. परंतु ज्या सोळा दिवसांत इतर नागरिक तासातासाने निकाल वाचत होते, ते दिवस त्यांना परत मिळणे शक्य नव्हते.

येथे क्रीडाक्षेत्राचे वेगळेपण लक्षात घ्यावे लागते. ग्रंथालयाची सूची सहा महिन्यांनी सुगम झाली तरी तिचा उपयोग शिल्लक राहतो. सामन्याचा निकाल, तिकिटाची खिडकी, निवड चाचणीची मुदत यांचे तसे नसते. शिवाय समितीने मांडलेला ३६८ दिवसांचा हिशेब खरा मानला, तरी तो सुगमतेचा खर्च ठरत नाही. तो सुगमता आरंभी वगळल्याचा खर्च ठरतो. साचा तयार होतानाच तक्त्याच्या शीर्षकांची योग्य रचना केली असती, तर त्यापासून निघणारे प्रत्येक पान आपोआप वाचनीय झाले असते.

निकालाची दुसरी मर्यादा तक्रारीवर आधारलेल्या पद्धतीतून आली आहे. तक्रारदार अंध असल्याने आदेश त्याच्या गरजांपुरता राहिला. कर्णबधिरांसाठी चित्रफितींवरील मजकूर अथवा माऊस न वापरता केवळ कळफलकावर काम करणाऱ्यांची सोय हे प्रश्न त्यात आले नाहीत. प्रत्येक गटाने स्वतंत्रपणे तक्रार करावी आणि तोवर स्पर्धा संपावी, अशी ही व्यवस्था आहे.

बेसबॉल क्लबांचा करार

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे उदाहरण याहून वेगळे आहे. तेथील अंधांच्या संघटनांनी न्यायालयात दावा दाखल न करता वाटाघाटींचा मार्ग स्वीकारला. फेब्रुवारी २०१० मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार लीगचे मुख्य संकेतस्थळ व सर्व ३० क्लबांची संकेतस्थळे सुगम करण्याचे मान्य करण्यात आले. करारातील तपशील अतिशय बोलके आहेत. सामन्याचे धावते वर्णन ऐकण्यासाठीच्या ध्वनियंत्रणेत आवाज कमी-जास्त करणे आणि यजमान व पाहुण्या संघाच्या प्रक्षेपणांत निवड करणे अंध श्रोत्याला शक्य झाले. ऑल-स्टार सामन्यासाठी खेळाडूंना मत देताना वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याची जी दृश्य चाचणी आडवी येत असे, तिलाही पर्याय देण्यात आला.

सिडनीच्या आदेशात ‘पान वाचता येते का’ हा प्रश्न होता. या करारात ‘काम पूर्ण करता येते का’ हा प्रश्न आहे. मत देणे, प्रक्षेपण निवडणे या कृती आहेत, आणि चाहत्याचे चाहतेपण कृतींतूनच सिद्ध होते. तसेच हा करार एकदाच करून संपला नाही. २०१२ मध्ये तो मोबाइलवरील उपयोजनांपर्यंत नेण्यात आला. असे असले तरी दोन्ही प्रकरणांत दिव्यांग व्यक्ती प्रेक्षक म्हणूनच समोर येते. ती खेळाडू, पंच, प्रशिक्षक किंवा पदाधिकारी असू शकते, ही जाणीव दोन्हीकडे क्षीण आहे. महाराष्ट्राला मात्र ती विसरता येणार नाही. मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत जलतरणात सुवर्णपदक मिळविले, तर सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले.

भारतीय कायदा व मराठी संकेतस्थळांचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० मध्ये क्रीडा सहभागाची, कलम ४२ मध्ये माहिती सुगम स्वरूपात देण्याची, तर कलम ४६ मध्ये शासकीय व खाजगी अशा दोन्ही सेवादात्यांची जबाबदारी नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, सुगमतेचे निकष केवळ शिफारसवजा ठेवणारा नियम मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविला व सक्तीचे नियम करण्याचा आदेश दिला. ३० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या निकालात डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला गेला. तत्त्वाच्या पातळीवर सिडनी निकालाने जे साधले, ते आता भारतातही साध्य झाले आहे. प्रश्न उरतो तो अंमलबजावणीचा.

मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला दोन विशेष अंगे आहेत. पहिले अंग लिपीच्या संकेतनाचे आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक मालिका असते, आणि स्क्रीन रीडर तीच उच्चारतो. दुसरे अंग छायाचित्ररूप सूचनेचे आहे. सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले परिपत्रक किंवा रंगीत भित्तिपत्रक संकेतस्थळावर टाकले की सूचना प्रसिद्ध झाली असे मानले जाते. कबड्डी किंवा खो-खो स्पर्धेची तारीख, वयोगट व प्रवेशाची अंतिम मुदत त्या चित्रात बंदिस्त राहते. अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने अशी सूचना निघालेलीच नसते. दोन्ही दोषांवरचा उपाय खर्चिक नाही. सूचना युनिकोडमध्ये मजकूर म्हणून टंकावी आणि सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडावी, एवढेच पुरेसे आहे.

याच्या जोडीला काही साध्या बाबी येतात. क्लबचे रंग मजकुरासाठी वापरताना अक्षर व पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ असावी, हा मान्य निकष आहे. अर्जातील प्रत्येक रकान्याला नाव असावे आणि तो कळफलकाने भरता यावा. चित्रफितींना मजकुराची जोड असावी. मैदानावर चाकाची खुर्ची कोठून आत जाते व वापरण्याजोगे स्वच्छतागृह कोठे आहे, हेही संकेतस्थळावर नोंदवावे. तयार संकेतस्थळावर चिकटविलेली स्वयंचलित सुविधापट्टी हा पर्याय मात्र विश्वासार्ह नाही. अशा एका उत्पादनाच्या कंपनीने दिशाभूल करणारे दावे केल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने २०२५ मध्ये तिला दहा लाख डॉलर भरण्यास भाग पाडले.

समारोप

महाविद्यालयाचा जिमखाना हीसुद्धा एक क्रीडासंस्थाच आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा अधिनियमाने राखीव आहेत. म्हणजे हे विद्यार्थी वर्गात येणार हे गृहीतच आहे. त्यांच्यापर्यंत संघनिवडीची सूचना इतरांबरोबर त्याच दिवशी पोहोचते की नाही, ही महाविद्यालयीन संकेतस्थळाची खरी कसोटी मानावी लागेल. मूल्यांकन समितीसमोर दाखविण्याच्या छायाचित्रांपेक्षा ही कसोटी अधिक कठीण आहे आणि अधिक न्याय्यही. ती घेण्यासाठी तक्रारीची वाट पाहण्याचे कारण नाही. जिमखान्याच्या पानावरील एक अर्ज दिव्यांग विद्यार्थ्याने कोणाच्याही मदतीशिवाय, मुदतीच्या आत भरून पाहावा आणि जेथे तो अडेल तेथून दुरुस्ती सुरू करावी. सिडनीत हा प्रश्न स्पर्धेपूर्वी पंधरा महिने विचारला गेला होता. समितीने तो विरोधकाचा प्रश्न मानला, आणि त्यामुळेच स्पर्धा संपल्यावर तिच्याजवळ देण्यासारखी केवळ भरपाईची रक्कम उरली.