घाशीराम कोतवाल

घाशीराम कोतवाल : विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे संगीत व नृत्य यांनी युक्त असे दोन अंकी मराठी नाटक. जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी त्याचा पहिला प्रयोग केला. संगीत भास्कर चंदावरकर यांचे होते. कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेल्यामुळे १७९१ मध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास जमावाकडून मारला गेला. या घटनेचा आधार नाटकास असला, तरी ते ऐतिहासिक नाटक नव्हे, अशी लेखकाची भूमिका होती.

नाटकाचे नाव घाशीरामाचे असले, तरी त्यातील खरा सूत्रचालक नाना फडणवीस आहे. चोरीचा खोटा आळ येऊन पुण्यातून हाकलला गेलेला घाशीराम सूडाने पेटतो आणि गौरी या आपल्या मुलीच्या मोबदल्यात नानाकडून कोतवाली मिळवितो. नानाच्या बाजूने हा सौदा केवळ वासनेचा आहे, असे वरवर पाहता वाटते. परंतु एका स्वगतात त्याचा अंतस्थ हिशेब उघड होतो. घाशीराम परका आहे. शहरात त्याला आप्त नाहीत, म्हणून तो नानाच्या शत्रूंना मिळणार नाही. त्याचे अत्याचार त्याच्या नावावर जमा होतील आणि लाभ मात्र नानाच्या पदरात पडेल. भोवतालच्या कारस्थानांचे भय हेच या हिशेबाचे मूळ होय. ज्याला कोणावरही विश्वास टाकता येत नाही, तो निराधार माणसालाच हाताशी धरतो.

गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मधील घनश्यामाला लतिकेने केलेल्या अपमानाचा डंख आहे. शेक्सपिअरचा इयागो आपल्या द्वेषाची अनेक कारणे सांगतो. त्यांतील कोणतेच पुरेसे वाटत नाही. नाना याहून निराळा आहे. त्याला घाशीरामाचा द्वेष नाही. म्हणूनच तो अधिक भयावह ठरतो. अपमान आणि द्वेष ही घाशीरामाची प्रेरणा आहे आणि नाना तीच इंधनासारखी वापरतो. गौरीच्या मृत्यूनंतर चवताळून आलेल्या बापालाही तो धाक, धर्म आणि अधिकार यांच्या भाषेने नमवितो. या प्रसंगी घाशीराम कोतवाली टिकवितो व बापपण गमावतो. पुढे लोकक्षोभ वाड्यापर्यंत येताच नाना त्याच्या मृत्यूच्या हुकुमावर सही करतो आणि संकट टळल्याचा उत्सव जाहीर करतो. हत्यार मोडले जाते, हात स्वच्छ राहतो.

ब्राह्मणांच्या मानवी भिंतीची योजना या आशयाशी सुसंगत आहे. कीर्तनात डोलणारी भिंत क्षणात आडोसा होते आणि पाप झाकते. त्यामुळे खलत्व एका व्यक्तीपुरते उरत नाही. पाहूनही न पाहणारा समाज त्याचा भागीदार ठरतो.

नानाच्या चित्रणावर ऐतिहासिक विपर्यासाचे व ब्राह्मणद्वेषाचे आक्षेप घेण्यात आले आणि मूळ संस्थेने प्रयोग थांबविले. पुढे थिएटर अकॅडमीने ते पुन्हा सुरू केले. १९८० मध्ये नाटक यूरोपातही गेले. मोहन आगाशे यांचा नाना विशेष गाजला. खऱ्या राज्यधुरंधराचे नाव वापरल्याने प्रक्षोभ अटळ होता, हे मान्य करावे लागते. गौरीला स्वतःचे मन जवळजवळ दिलेलेच नाही, ही नाटकाची उणीवही जाणवते. तथापि सत्ता आपल्या भयापोटी क्रूर माणसे कशी घडविते आणि वेळ येताच त्यांचा बळी कसा देते, याचे इतके नेमके दर्शन मराठी रंगभूमीवर क्वचितच घडले आहे.