मागची गादी, पुढची गादी

‘गादी’ हा आपला मोठा सोयीचा शब्द. पेढीवर शेटजी बसतात ती गादी, मठात स्वामी बसतात ती गादी, राजा बसतो ती गादी, आणि मोटारीत आपण बसतो तीही गादीच. हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये एक मोटार आहे. तिच्यात यातल्या शेवटच्या दोन अर्थांची शब्दशः गाठ पडली आहे.

पिवळ्या रंगाची ती रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी ती मागवली, पण ऑगस्ट १९११ मध्ये ते वारले. त्यांची गादी आणि ही गाडी दोन्ही सातव्या निजामांकडे, मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. तिला ‘थ्रोन कार’ म्हणतात. ती मागून पुढे वाचावी, कारण ती घडवलीही तशीच आहे. मागचं आसन सिंहासनासारखं उंच. आत बसलेल्या माणसाला रस्ता दिसावा यापेक्षा रस्त्यावरच्या माणसांना तो दिसावा, ही त्यातली योजना. पाहता पाहता अंबारी आठवते. हत्ती गेला, पेट्रोल आलं, पण वर बसणाऱ्याची बैठक हलली नाही. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी नुसता सांगाडा विकत असे. वरचं अंग निराळा कारागीर चढवी. इथे ते काम लंडनच्या बार्कर कंपनीचं, आणि ही मंडळी अठराव्या शतकापासून घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. म्हणून या मोटारीत बग्गीचा डौल उपरा वाटत नाही, तो तिचा वारसाच आहे.

आता नावाकडे या. घोस्ट म्हणजे भूत. पण भिववणारं नव्हे, चाहूल न देता जाणारं. १९०७ साली याच जातीच्या एका चंदेरी गाडीला चाचणीत १४,३७१ मैल पळवलं, म्हणजे तेवीस हजार किलोमीटरांच्या वर. मजबुतीइतकंच तिच्या शांतपणाचं कौतुक झालं आणि पुढे तिचं नाव साऱ्या मालिकेलाच चिकटलं. सहा सिलिंडरचं सात लिटरहून मोठं इंजिन, आणि मागे बसलेल्याला त्याची वर्दीही लागू नये, ही त्या गाडीची ऐट.

ही शांतता मागच्या गादीची. ती कुठे तयार होत होती हे कळायला पुढे यावं लागतं. तिथे बटण दाबून गाडी सुरू करण्याची सोय नव्हती. आधी हातपंपाने पेट्रोलच्या टाकीत हवेचा दाब भरायचा. स्टिअरिंगच्या मध्यावरच्या दांडीने ठिणगीची वेळ मागे ओढायची, मग समोर जाऊन हँडल मारायचं. ठिणगी लवकर पडली तर हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. गिअर बदलताना आवाज होऊ न देणं हे हातापायाच्या मेळावर होतं. ब्रेक होते, पण पुढच्या चाकांना नव्हते. म्हणजे थांबायचं कुठे हे डोक्यात आधीच ठरलेलं हवं. मागच्या स्वस्थतेची सारी मजुरी पुढे भरली जात होती. या गाडीच्या गोष्टीत निजामांचं नाव येतं, बार्करचं येतं. पुढे बसणाऱ्याचं मात्र येत नाही.

हैदराबादेतच मागच्या गादीला दुसरी वाट फुटली. १९३२ मध्ये निजामांच्या रेल्वेच्या रस्ते-वाहतूक खात्याने २७ बस सुरू केल्या. त्या जमान्यातली स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीची एक बस तिथल्या परिवहन महामंडळाने जपून ठेवली आहे. तिला ‘डेक्कन क्वीन’ म्हणतात. पुणेकरांना हे नाव ऐकून आगगाडी आठवेल, त्याला इलाज नाही. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. औरंगाबाद-नांदेडकडची वाहतूकही पुढे याच खात्याची, आणि १९५६ नंतर ती आपल्या एसटीत मिसळली. तिकीट काढलं की बैठक आपली. सिंहासनाचं बाकडं झालं आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

जुन्या गाडीचं आजचं वेड मात्र या दोन्हींहून वेगळं आहे, कारण ते पुढच्या गादीचं वेड आहे. अँबॅसडरची पुढची गादी सलग असे. तिघं दाटीवाटीने बसत आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. कुर्ल्याच्या कारखान्यातल्या पद्मिनीचाही गिअर तिथेच. थंडीत चोक किती ओढायचा आणि केव्हा आत ढकलायचा, हे पुस्तकात नसतं, ते कानाला कळतं. जुन्या ट्रकवर डबल क्लच मारणारा ड्रायव्हर वेगाचा काटा बघत नाही. इंजिनाचा सूर कुठे उतरला की दांडा आपोआप पडतो, ते त्याला ठाऊक असतं. आपल्याला ही गाडी आवडते ती तिच्या आवाजासाठी. घोस्टचं सारं सौंदर्य आवाज मिटवण्यात, आणि जुन्या गाडीच्या मालकाचा सारा आनंद तो ओळखण्यात. जिथे निजामांना काही ऐकू येऊ नये अशी तजवीज होती, तिथेच आजचा शौकीन कान लावून बसतो. इंजिनात काही वाजलं की आधी तो ऐकतो, मग उस्तादांना ऐकवतो, आणि दोघं बॉनेटखाली वाकून एकमेकांच्या निदानावर हरकत घेतात.

सरकारनेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या मूळ रूपातल्या गाड्यांसाठी नोंदणीचा वेगळा नियम केला, ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाचा. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला रस्त्यावर काढता येते. रोजच्या वापराला नाही. नियम रुक्ष आहे, पण त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: दुरुस्तीला नेणं हेही गाडी बाहेर काढण्याचं पुरेसं कारण मानलं आहे. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे, त्यांना हे कारण कधी कमी पडत नाही.

चौमहल्ल्यात त्या पिवळ्या गाडीपुढे उभं राहिलं की नजर आधी मागच्या आसनावर जाते. तसंच ते बांधलंय. मग ती हळूच पुढे सरकते, त्या दांड्यांवर, त्या चाकावर. मागची गादी वारसाहक्काने मिळाली होती. पुढची कुणालाच तशी मिळत नाही. ती हँडल मारून मिळवावी लागते, दर सकाळी नव्याने.