चाल कुणाची, हे ठरवणार कोण?

गाण्याची चाल चोरली म्हणून कोर्टात गेलं, तर निवाडा कुणाच्या कानांनी करायचा? अमेरिकेत, इंग्लंडमध्ये दोन चालींतलं साम्य तपासून सांगणारे सल्लागार असतात. त्यांतले काही आधी स्वतः गाणी रचणारे. आपल्याकडं हा पेशा रुजलेला नाही, म्हणून राम संपत यांचं प्रकरण पाहू.

संपत जिंगल करणारे संगीतकार. सोनी एरिक्सनच्या जाहिरातीसाठी त्यांनी 'थंप' ही धून केली. २००८ मध्ये 'क्रेझी ४' येत होता, संगीत राजेश रोशन यांचं. त्यातल्या गाण्यांत आपलीच धून आहे, असं सांगत संपत मुंबई हायकोर्टात गेले. कोर्टानं त्यांच्या बाजूनं अंतरिम आदेश दिला, मग निर्मात्यांशी तडजोड झाली. धून छोटी असली तरी ऐकणाऱ्याच्या मनात तीच राहते, हा मुद्दा तिथं मोलाचा ठरला. मोठ्या नावाशी भांडल्यावर काम बंद होईल, ही भीती प्रत्येक नव्या संगीतकाराला असते. संपतांचं तसं झालं नाही: २०११ मध्ये 'देल्ही बेली', २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते'.

पण साधा कान प्रत्येक वेळी पुरतो का? आपल्या गावातली दोन भजनं घ्या. ठेका एक, राग एक, ऐकायला सारखीच. म्हणून कुणी चोर ठरतं का? कान साम्य ओळखतो. ते साम्य आलं कुठून, हे त्याला सांगता येत नाही.

'वीरा राजा वीरा' या ए. आर. रहमान यांच्या गाण्यावरून डागर घराण्यानं दावा केला, तेव्हा हाच पेच आला. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एकल न्यायाधीशांनी सामान्य श्रोत्याच्या कानाचा आधार घेत डागरांना दिलासा दिला. सप्टेंबरमध्ये खंडपीठानं तो आदेश रद्द केला: रचना गायली म्हणजे ती रचली, असं आपोआप ठरत नाही.

अशा ठिकाणी चाली रचलेला माणूसच कामाचा. रागाचं किती, परंपरेचं किती आणि या माणसाचं स्वतःचं किती, हे तो वेगळं करून दाखवू शकतो. मात्र त्याची फी एका पक्षानं भरली, की त्याच्या कानावरही शंका येणारच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तो कोर्टानं नेमावा. नाहीतर ज्याचा खिसा मोठा, त्याची चाल.