ग्रीनिचचं रिंगण : खूण उरली नाही, म्हणजे झालं का?

आज एका अशा वास्तूबद्दल बोलायचंय, जी आता अस्तित्वातच नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधल्या घोडेस्वारीसाठी ग्रीनिच पार्कमध्ये उभारलेलं रिंगण. पर्यावरणाचा विचार करून बांधलेल्या क्रीडावास्तूंचा विषय निघाला की त्याचं नाव निघतं. हे कौतुक कितपत रास्त आहे, ते तपासू या.

आधी जागा बघा. ग्रीनिच पार्क १४३३ मध्ये बंदिस्त केलेलं, लंडनचं फार जुनं राजउद्यान. शून्य रेखांश इथलाच. १९९७ पासून हा परिसर जागतिक वारसा यादीत आहे. जमिनीखाली रोमन काळातले अवशेष, वर जुने चेस्टनट वृक्ष. म्हणजे पाया खणायची सोय नाही. शिवाय जमीन उताराची, आणि घोड्याला सपाटी हवी. रचनाकारांनी काय केलं? पायांवर उभा असा एक मंच उचलला, त्यावर वाळूचा थर पसरला आणि भोवती सुमारे २३,००० प्रेक्षकांची बैठक रचली. स्पर्धा संपल्यावर सगळं उतरवलं. पुरातन जमिनीला हात न लावता काम करण्याचा हा विचार उत्तमच होता. त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण इथेच माझा पहिला आक्षेप आहे. 'खूण उरली नाही' ही कसोटी फक्त त्या उद्यानापुरती झाली. पोलाद, लाकडी फळ्या, शेकडो टन वाळू कुठून तरी आली आणि कुठे तरी गेली. तात्पुरती वास्तू टिकाऊ ठरते ती तिचे सुटे भाग पुन्हा दुसरीकडे उभे राहिले तरच. लग्नाचा मांडव आपण खर्चिक मानत नाही, कारण तेच वासे, तेच कापड मांडववाला पुढच्या लग्नाला वापरतो. एकदाच वापरायचा मांडव घातला, तर पक्कं घर बरं म्हणायची पाळी येईल.

दुसरा आक्षेप असा की, या सगळ्या कौतुकात घोडाच दिसत नाही. छायाचित्रांत मागे क्वीन्स हाउस, पुढे उडी मारणारा घोडा. पण घोडा उरलेला दिवस पागेत असतो. पाचशे किलोचा घोडा रोज वीस किलोंहून जास्त लीद-मूत टाकतो आणि पंचवीस-तीस लिटर पाणी सहज पितो. लंडनला दोनशेच्या आसपास घोडे होते. म्हणजे रोजचा चार टनांवर माल, शिवाय खाली अंथरलेला भुसा वेगळा. भुसा मिसळलेली लीद सावकाश कुजते, त्याला महिने लागतात. आणि रिंगणातली वाळू? आधुनिक रिंगणांत बहुधा बारीक वाळूत कृत्रिम धागे मिसळतात, म्हणजे टाप बसते, खूर घसरत नाही. ते धागे झिजले की प्लास्टिकचा चुरा होतो. ती वाळू ओली ठेवावी लागते; खालून पाणी देऊन तेच परत घेण्याची सोय केली तर बरीच बचत होते. तेव्हा लीद, पाणी आणि वाळू या तिन्हींचं उत्तर नकाशावर नसेल, तर त्या नकाशाला मी पर्यावरणपूरक म्हणणार नाही.

आता तुलनेला टोकियो घ्या. १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा, बाजी कोएन या घोडेस्वारीच्या उद्यानात झाली. २०२१ मध्ये नूतनीकरण करून स्पर्धा पुन्हा तिथेच भरवल्या. क्रॉस कंट्री मात्र समुद्रात कचऱ्याच्या भरावावर तयार केलेल्या जमिनीवर झाली. वातानुकूलित तबेल्यांची वीज हा तिथला दोष आहेच. पण सत्तावन्न वर्षांनी तीच जागा घोड्यांच्या कामी आली. ग्रीनिच पार्कमध्ये घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांसाठी काय राहिलं? काहीच नाही. खूण न ठेवण्याची ही दुसरी बाजू आहे.

हे लांबचं वाटेल, पण मुंबईकरांना तसं नाही. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ पासूनचं. त्यातली १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी देण्याचं २०२४ मध्ये ठरलं आणि त्याच चर्चेत जमिनीखाली बांधकामाच्या कल्पनाही आल्या. ग्रीनिचला जमीन वाचवायला बांधकाम वर उचललं. इथे बांधकाम लपवायला जमीनच उचलायची का? काँक्रीटच्या छतावर माती पसरून हिरवळ दिसेल, पण मुंबईचा पाऊस त्या छताखाली मुरणार नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'पर्यावरणपूरक' असं लिहिलेला आराखडा समोर आला की हिरवळीचं चित्र बाजूला ठेवा. लीद कुठे जाते, पाणी कुठून येतं आणि दहा वर्षांनी इथे कोण असेल, एवढं विचारा. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.