व्यक्तिचित्र आणि अमूर्तचित्र : शंकर पळशीकरांच्या चित्रसाधनेच्या निमित्ताने

१. प्रस्तावना

मराठी कलासमीक्षेत व्यक्तिचित्रण आणि अमूर्त चित्रकला यांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. व्यक्तिचित्रकार कसबी आणि अमूर्त चित्रकार प्रयोगशील, अशी विशेषणांची वाटणी ठरून गेली आहे. एकच कलावंत दोन्ही प्रकार सातत्याने हाताळत असेल, तर एक त्याचा चरितार्थ आणि दुसरी त्याची खरी कला असे मानले जाते. ही वाटणी कितपत ग्राह्य आहे, याचा विचार शंकर पळशीकर (१९१७–१९८४) यांच्या चित्रसाधनेच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा प्रश्न आपल्या परिसरात केवळ सैद्धांतिक राहत नाही. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत तयार झालेला सुटा भाग गेजला लावून पाहतात. बसला तर पास, न बसला तर रिजेक्ट. अशा घरांतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी चित्राकडेही त्याच नजरेने पाहतो. आजोबांचे चित्र फोटोसारखे आले की ते पास. अमूर्त चित्राला मात्र लावायला गेजच नाही, म्हणून ते एक तर अगम्य नाही तर फसवे ठरते. शासकीय एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतही वस्तूचे चित्र आणि संकल्पचित्र यांच्या प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. पाहणे आणि रचणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हा समज शाळेतच पक्का होतो.

२. हुबेहूबपणाची मर्यादा

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन १९६८ साली झाले. तेथे गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत : एक पुरुषवेषातील, दुसरे स्त्रीभूमिकेतील. आपल्यापैकी अनेकांनी ती नाटकाच्या मध्यंतरात पाहिली असतील. चेहरा एकाच व्यक्तीचा; तरीही मानेचा कल, नजर, वस्त्राचा भार यांमुळे दोन स्वतंत्र व्यक्तिमत्त्वे समोर येतात. यांपैकी हुबेहूब कोणते, हा प्रश्नच येथे गैरलागू ठरतो. देऊसकर अमूर्ताच्या वाटेला गेले नाहीत. परंतु यथार्थदर्शी व्यक्तिचित्रातही निवड आणि रचना किती निर्णायक असते, हे या जोडचित्रांवरून स्पष्ट होते.

व्यक्तिचित्राची प्रक्रियाही हेच सांगते. चित्रकार समोरच्या माणसाकडे डोळे किलकिले करून पाहतो. त्या क्षणी नाक, डोळे, ओठ ही नावे गळून पडतात आणि छायाप्रकाशाचे मोजके आकार उरतात. ते आकार परस्परांशी योग्य नात्याने मांडले गेले, तरच पुढे त्यात माणूस दिसू लागतो. म्हणजे साम्य हाती येण्यापूर्वी व्यक्तिचित्रकाराला एका अमूर्त रचनेतून जावे लागते.

३. पळशीकरांचे दोन मार्ग

पळशीकर मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकले, तेथेच अध्यापक झाले आणि १९६८ ते १९७५ या काळात तेथील अधिष्ठाता होते. विद्यार्थ्यांसमोर माणूस बसवून व्यक्तिचित्राचे प्रात्यक्षिक देणारे शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक होता. प्रात्यक्षिकात चित्रकाराला लपायला जागा नसते; चुकलेला फटकारा सर्वांसमोर चुकतो. याच काळात तांत्रिक परंपरेतील बिंदू, त्रिकोण, वर्तुळ, बीजाक्षरे यांच्याकडे वळून त्यांनी अमूर्ताकडे झुकणारी चित्रे रंगवली.

वरवर पाहता हे दोन मार्ग परस्परविरोधी वाटतात. परंतु त्यांच्यातील समान सूत्र केंद्राच्या शोधात आहे. व्यक्तिचित्रात चेहऱ्यावरील छटांना एका अंतःस्थितीभोवती एकत्र आणावे लागते. तांत्रिक आकृतीत संपूर्ण पृष्ठभाग बिंदूशी बांधून ठेवावा लागतो. एकीकडे आधार समोर बसलेला असतो, दुसरीकडे तो चित्रकाराला स्वतःत शोधावा लागतो. येथे एका धोक्याचीही नोंद करणे आवश्यक आहे. तांत्रिक चिन्हाला अर्थ आधीच चिकटलेला असतो. त्यामुळे रंगाने जे घडवायचे ते चिन्ह परस्पर सांगून टाकते, आणि चित्राऐवजी प्रतीक उरते. अशा वेळी व्यक्तिचित्रणाचा सराव उपकारक ठरतो. कारण समोरचा चेहरा चित्रकाराला आयता अर्थ घेऊ देत नाही, दर वेळी नव्याने पाहायला लावतो. पळशीकरांच्या दोन्ही साधनांचे महत्त्व या परस्परनियंत्रणात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४. नियमिततेचा अर्थ

या मतावर एक आक्षेप संभवतो. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी प्रारंभी मनुष्याकृती रंगवल्या आणि नंतर त्या पूर्णपणे सोडल्या. तरीही त्यांचे अमूर्त निस्तेज झाले नाही. पळशीकरांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांची ओळखही अमूर्त चित्रकार म्हणूनच आहे. तेव्हा अमूर्तासाठी व्यक्तिचित्रण अनिवार्य आहे, असे म्हणता येणार नाही.

मात्र गायतोंडे यांचे उदाहरण नियमिततेचा अर्थ अधिक स्पष्ट करते. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. उरलेला काळ पाहण्यात आणि थांबण्यात जाई. १९८४ मधील अपघातानंतर मोठे कॅनव्हास थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर लहान रेखांकने केली. म्हणजे नियमितता ही चित्रांच्या संख्येवरून ठरत नाही. उत्पादनाचे मोजमाप महिन्याच्या आकड्यावर होते. साधनेचे मोजमाप पाहण्याच्या अखंडतेवर होते. गवयाच्या रियाजाबाबत आपण हे सहज मान्य करतो, चित्रकाराबाबत मात्र करीत नाही.

५. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, व्यक्तिचित्र आणि अमूर्तचित्र हे कसब आणि कल्पना यांचे दोन वेगळे कप्पे नाहीत. एकात दृश्याकडून रचनेकडे, तर दुसऱ्यात रचनेकडून दृश्याकडे प्रवास होतो. त्यामुळे व्यक्तिचित्राला केवळ साम्याचा निकष लावणे अपुरे आहे आणि अमूर्ताला निकषच नाही असे मानणे चुकीचे आहे. आकारांचे परस्परसंबंध, रंगाची अपरिहार्यता आणि थांबण्याचा निर्णय हे निकष दोहोंना लागू पडतात.

अध्यापक म्हणून आपल्यापुरता याचा अर्थ असा की, विद्यार्थ्याचे एक चित्र समोर घेऊन त्याचा निवाडा करू नये. त्याची वर्षभराची वही चाळावी. एकाच चेहऱ्याचे दहावे रेखाटन पहिल्यापेक्षा कोठे वेगळे पडले, हे त्यालाच विचारावे. त्याचे उत्तर देताना तो ज्या रेषेवर बोट ठेवील, तेथून कलाशिक्षणाला सुरुवात करता येईल.