जोडीतला खोंड

६ जानेवारी २०१९, रविवार. अबुधाबीच्या अल नाह्यान स्टेडियमवर आशियाई करंडकातला भारत-थायलंड सामना सुरू झाला तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजले होते, आणि मी वैरागच्या शिवारात तात्यांच्या वस्तीवर होतो. पावसानं दगा दिलेलं ते वर्ष. ज्वारी जेमतेम कमरेला लागलेली, कणसं बारीक. तरी घरचा हुरडा चुकवायचा नाही म्हणून आगटी पेटवली होती. मोबाइल कळशीला टेकवून ठेवला होता. तात्या माझे चुलते. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नाही, पण खिलार खोंड पारखण्यात पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान आहे. भाजलेलं कणीस तळहातावर चोळता चोळता ते अधूनमधून पडद्याकडे बघत होते.

मध्यंतराला १-१ अशी बरोबरी होती. खेळ पुन्हा सुरू झाला आणि मला ज्याच्याविषयी लिहायचं आहे तो गोल लगेच, ४६व्या मिनिटाला झाला. उजव्या बाजूनं उदांता सिंग सुटला. त्यानं चेंडू आत दिला. तिथे आशिक कुरुनियन होता. आशिकनं तो थांबवला नाही. हलकासा पाय लावला आणि धावत येणाऱ्या सुनील छेत्रीच्या वाटेत सोडून दिला. छेत्रीनंही थांबवला नाही. आला तसा मारला, थेट जाळ्यात.

हा गोल मी त्यानंतर कितीतरी वेळा पाहिला आहे. दर वेळी नजर छेत्रीवरून सरकते आणि मधल्या त्या स्पर्शावर जाऊन थांबते. वय एकवीस. देशाकडून आशियाई करंडकातला पहिला सामना. चेंडू पायाशी आलेला, गोल समोर. अशा वेळी पोराला काय सुचावं? अडवावा, वळावं, मारावा. आशिकला यातलं काही सुचलं नाही, किंवा सुचूनही त्यानं केलं नाही. त्यानं चेंडूची दिशा तेवढी बदलली. वेग तसाच राहू दिला. उदांतानं पळून कमावलेला तो वेग होता आणि पुढे छेत्रीला त्याचीच गरज होती. मधल्या माणसानं चेंडू आपल्याजवळ क्षणभर जरी ठेवला असता तरी बचावपटूंना उभं राहायला वेळ मिळाला असता. एखादा तबलजी गवयाची तान पुरी होईस्तोवर बोटं आवरून धरतो, तसं हे आवरणं आहे. आणि विंगरच्या अंगी ते सहसा नसतं. विंगर हा रेषेला धरून एकट्यानं पळणारा, समोरच्या बॅकला डिवचणारा, चेंडू स्वतःच्या पायात आवडणारा प्राणी. आशिकही मूळचा तसाच. त्या स्पर्धेत प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी त्याला रेषेवरून उचलून आघाडीला, छेत्रीच्या शेजारी उभा केला होता. विंगरची भूक घेऊन तो जोडीत आला, आणि जोडीत आल्यावर ती भूक त्यानं त्या एका क्षणापुरती बाजूला ठेवली. मला त्या गोलाचं सगळं सौंदर्य इथेच दिसतं.

पहिल्या गोलातही तोच होता. आशिकनं उडवलेला चेंडू थायलंडच्या थीराथोनच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली आणि २७व्या मिनिटाला छेत्रीनं ती मारली. गोल करणाऱ्यांच्या यादीत त्या दिवशी छेत्री दोनदा, मग अनिरुद्ध थापा, मग जेजे. भारत ४-१ नं जिंकला. आशियाई करंडकात १९६४ नंतर भारताचा हा पहिला विजय, आणि छेत्रीचे ६७ आंतरराष्ट्रीय गोल झाले म्हणून त्याचं नाव जगभर मेस्सीच्या नावापुढे छापून आलं. त्या चार गोलांच्या यादीत आशिकचं नाव कुठेच नाही.

तात्यांनी मात्र नेमकं त्यालाच हेरलं. गोल झाला तसं त्यांनी विचारलं, ‘‘मधला कोण रं?’’

मी नाव सांगितलं.

‘‘आन् मारणारा?’’

‘‘छेत्री. चौतीस वर्षांचा आहे.’’

तात्यांनी मान हलवली. खिलारातलं आदत खोंड, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेलं, पहिल्यांदा जुवाखाली घ्यायचं तर दुसऱ्या खोंडाबरोबर घेत नाहीत. शेजारी जुना, निबर बैल जुंपतात. जुना बैल वळणावर कधी थांबायचं, चढाला कधी खांदा लावायचा हे जाणतो. खोंड त्याच्या चालीनं चालायला शिकतं. पण सगळीच खोंडं शिकत नाहीत. काही नुसती ओढ घेतात, जू तिरपं करतात. जे खोंड शेजाऱ्याचा पाय ओळखून आपला पाय टाकतं त्याची किंमत वेगळी. तात्यांनी त्या पडद्यावर हे पाहिलं होतं. मग ते म्हणाले, ‘‘ही दोघं एकाच मालकाची का?’’

‘‘नाही. छेत्री बंगळुरूचा. हा पोरगा पुण्याचा.’’

‘‘मंग पुण्याला सांगा, आज राती दार नीट लावून झोपा म्हणावं.’’

आशिक मलप्पुरमचा. पण खेळाडू म्हणून घडला तो पुण्यात, पुणे एफसीच्या अकादमीत. पुणे एफसी हा २००७ साली सुरू झालेला क्लब. मोठा संघ मिटला तरी अकादमी उरली, ती पुढे इंडियन सुपर लीगमधल्या एफसी पुणे सिटीकडे गेली आणि तिच्याबरोबर आशिकही. २०१६ मध्ये क्लबनं त्याला स्पेनला, व्हियारियालच्या तिसऱ्या संघाकडे काही महिने उसना पाठवला. परत आल्यावर २०१७-१८च्या मोसमात तो बालेवाडीच्या मैदानावर सगळ्यांच्या डोळ्यांत भरला. त्या मोसमात पुण्यानं पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली. तिथे त्यांना कुणी हरवलं? बंगळुरूनं. पुण्यात गोलशून्य बरोबरी, आणि बंगळुरूत छेत्रीचे तीन गोल. जून २०१८ मध्ये आशिक देशाकडून खेळला तोही महाराष्ट्रात, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर, चायनीज तैपेईविरुद्ध. म्हणजे हा मलयाळी मुलगा फुटबॉलच्या अर्थानं आपल्या मातीत वाढला. आपल्याकडे याची फारशी आठवण कुणी ठेवलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. आशियाई करंडकानंतर काही महिन्यांतच, २०१९च्या उन्हाळ्यात, पुण्यानं आशिकला विकलं. घेणारा क्लब बंगळुरू.

हा सौदा कळला तेव्हा मी तो गोल पुन्हा लावला, आणि तेव्हा लक्षात आलं की त्या गोलात तीन माणसं आहेत: उदांता, आशिक, छेत्री. यातले दोघे आधीच बंगळुरूचे होते. त्यांच्या गोठ्यातला उजवा पळणारा होता, मारणारा होता. मधला तेवढा दुसऱ्याच्या दावणीला होता. त्यांनी तो मधला विकत घेतला. आम्ही बघणाऱ्यांनी त्या गोलाचं कौतुक केलं, टाळ्या वाजवल्या, पण त्याचं सगळ्यात बारकाईनं वाचन कुणी केलं असेल तर खरेदीदारानं. एका स्पर्शात जे दिसतं ते ओळखून त्याच्यामागे पैसा लावणं, हीसुद्धा रसिकताच आहे, आणि तिला मी कमी लेखत नाही.

मग पुण्यानं विकायला नको होता का? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यांशी माझं जमत नाही. उगवत्या विंगरला विकू नये असं म्हणणारे भावनेनं बोलतात, आणि विकावं म्हणणारे हिशेबानं. दोघेही एक गोष्ट विसरतात. सौदा कुठल्या हंगामात होतो आहे, ही.

त्याच उन्हाळ्यात तात्यांनी आपलं खोंड विकलं. चारा नव्हता. व्यापारी वस्तीवर आला तो आधी घराच्या मागच्या बाजूला गेला. मला वाटलं पाणी प्यायला. पण तो कडब्याची गंज बघायला गेला होता. गंज कुठे, चार पेंढ्या उरल्या होत्या. तेवढं बघून झाल्यावर तो खोंडाकडे वळला. दात पाहिले, वशिंडावरून हात फिरवला, पाठीमागून चाल पाहिली. मग उपरण्याखाली तात्यांचा हात घेतला. बोटं दाबली. तात्यांनी हात काढून घेतला. पुन्हा दिला. मी तात्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा त्यांनी हात काढला नाही. खोंडात खोट नव्हती. चाल होती, खांदा होता, नजर होती. पण भाव ठरला तो त्या चार पेंढ्यांवर.

एफसी पुणे सिटीची गंज त्या वर्षी संपली होती. मालक अडचणीत, क्लबचं आर्थिक गणित मोडलेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये क्लबच उठला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबाद एफसीनं घेतली. अशा वर्षी आशिकला विकायचं की ठेवायचं हा प्रश्न पुण्यापुढे खऱ्या अर्थानं उभाच नव्हता. ठेवून घालणार काय? आणि विकून आलेल्या पैशातून पुढची पोरं घडवायला क्लब तरी कुठे होता? विक्री ही क्लबच्या आयुष्यातली मोठी गोष्ट असते ती याच कारणानं, की एका पोराच्या पैशात दहा नवी पोरं वाढतात. पुण्यात तसं झालं नाही. मागे कुणी उरलंच नाही. मला त्या सौद्यापेक्षा हे जास्त लागतं.

फिफानं घडवणाऱ्यांसाठी एक नियम केला आहे, आणि मला तो फार आवडतो. करार संपण्याआधी खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. ज्यानं पहिल्यांदा बूट दिला त्याचा वाटा पुढच्या सौद्यातही राहतो. पण एका देशातल्या दोन क्लबांच्या व्यवहाराला हा नियम सहसा लागू होत नाही, आणि पुणे-बंगळुरू सौदा तसाच होता.

कोल्हापुरात हे सगळं वेगळ्या तऱ्हेनं चालतं, म्हणून तिकडे एकदा बघावं. तिथे फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं तिथल्या पोरांच्या तोंडात क्लब म्हणून आधी येतात. छत्रपती शाहू स्टेडियमवर सामना असला की गाव लोटतं. तिथून अनिकेत जाधव निघाला, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत वाढला, २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला, पुढे जमशेदपूर, हैदराबाद असा फिरला. पण तो कुठेही गेला तरी कोल्हापूरचाच राहिला. कारण ज्यांनी त्याला पाठवलं ते अजून आपल्या जागेवर आहेत. पाठवणारा उभा असेल तर पाठवण्यात दुःख असलं तरी नुकसान नसतं.

माझं मत मी लपवत नाही. उगवता विंगर विकावा, पण गंज भरलेली असताना. नाही म्हणण्याची ताकद अंगात असताना जो हो म्हणतो त्यालाच भाव मिळतो, आणि भावाहून मोठं म्हणजे पोराला कुठे पाठवायचं हे त्यालाच ठरवता येतं. कारण विंगरच्या बाबतीत पैशाइतकाच दुसरा प्रश्न असतो: नवा मालक त्याला कुठल्या जागी उभा करणार?

आशिकचं पुढे काय झालं ते पाहा. बंगळुरूत त्याला छेत्री मिळाला, उदांता मिळाला. पण प्रशिक्षक कार्लेस क्वाद्रात यांनी त्याला बऱ्याचदा डाव्या बॅकच्या जागी खेळवलं. त्यानं ते मन लावून केलं. धावणारा पोरगा, कुठेही धावतो. पण बचावाला उभं राहिलेल्याला पुढे जायचं तर आधी मागचं बघावं लागतं. आणि मी ज्याच्यावर जीव लावला होता तो स्पर्श गोलच्या तोंडाशी, शेजाऱ्याच्या पावलाची चाहूल घेत करायचा होता. प्रशिक्षकाची गरज मला समजते. तरीही दर सामन्याला मी त्याला मैदानाच्या त्या टोकाला शोधत राहिलो, आणि तो या टोकाला असायचा. २०२२ मध्ये तो मोहन बागानला गेला, तिथे करंडक जिंकला. सप्टेंबर २०२३ मध्ये देशाकडून किंग्ज कप खेळताना गुडघा दुखावला आणि सगळा मोसम गेला. ती स्पर्धा थायलंडमध्ये होती.

२०२५ मध्ये तो बंगळुरूला परत आला. छेत्री तेव्हाही तिथेच होता, चाळिशी गाठूनही खेळत होता. ही बातमी मी तात्यांना सांगितली तेव्हा ते ओट्यावर बसून कासरा वळत होते. नाव त्यांना आठवलं नाही. हुरड्याच्या राती मधला पोरगा, असं म्हटल्यावर आठवलं.

‘‘आता किती वर्साचा?’’

‘‘अठ्ठावीस.’’

‘‘म्हंजे जुळला.’’ दात जुळले, की बैल पुरा झाला असं आमच्याकडे म्हणतात. त्यांनी कासऱ्याचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवला, हात धोतराला पुसले आणि मोबाइलकडे बोट केलं. ‘‘लाव बरं ते. त्या येळचं.’’